शिकवणीच्या स्कॅनमध्ये पेशंटची ओळख कुठे कुठे दडलेली असते

रेडिओलॉजी शिकवणाऱ्या हॉस्पिटलकडे टीचिंग फाईल असते, म्हणजे विद्यार्थ्यांना दाखवायला बाजूला काढलेल्या केसेस, पूर्वी फिल्म पाकिटात ठेवायचे आता डेटाबेसमध्ये असतात. दुर्मिळ आजार एकाच ठिकाणी क्वचित दिसतो, म्हणून हे डेटाबेस सामाईक ऑनलाईन रिपॉझिटरीला जोडलेच पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

जोडणी आता तितकी अवघड नाही. 1993 पासून स्कॅनच्या फाईलसाठी डायकॉम हे स्टँडर्ड आहे, त्यामुळे एका कंपनीच्या मशीनची इमेज दुसरीकडे उघडते. उत्तर अमेरिकेतल्या आरएसएनए या रेडिओलॉजी संस्थेने एमआयआरसी नावाचं सॉफ्टवेअर फुकट दिलंय, त्यात केसेस आपल्याच सर्व्हरवर राहतात, कुणी काही शोधलं की तो प्रश्न जोडलेल्या सगळ्या सर्व्हरना जातो आणि उत्तरं एकत्र दिसतात. आजारांची नावं सगळ्यांनी सारखी लिहावीत यासाठी रॅडलेक्स हा शब्दसंग्रहही आहे.

खरी मेहनत पेशंटची ओळख काढण्यात आहे. डायकॉम फाईलच्या हेडरमध्ये, म्हणजे चित्रासोबत साठवलेल्या माहितीत, नाव, जन्मतारीख, पेशंट नंबर असतो, शिवाय मशीन बनवणाऱ्या कंपनीचे स्वतःचे प्रायव्हेट टॅग, म्हणजे माहितीचे खास रकाने, असतात आणि त्यात काय भरलंय ते पटकन कळत नाही. पण सगळं सरसकट पुसूनही चालत नाही, कारण ट्यूमर सहा महिन्यांत किती वाढला हे दाखवायचं तर त्याच पेशंटचे दोन्ही स्कॅन एकत्र राहायला हवेत, म्हणून नंबर बदलताना दोन्हीकडे तोच नवा नंबर देतात आणि तारखा सारख्याच दिवसांनी मागेपुढे सरकवतात. सोनोग्राफीत तर नाव चित्रातच छापलेलं असतं, हेडर कितीही साफ केलं तरी ते तसंच राहतं, ती पट्टी वेगळी काळी करावी लागते आणि माणसाने डोळ्यांनी तपासल्याशिवाय अशी केस पुढे पाठवूच नये.

डोक्याच्या स्कॅनचं अजून कठीण आहे कारण त्यातून चेहराच तयार करता येतो. 2019 मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी 84 जणांच्या एमआरआयवरून चेहरे बनवले आणि फेस रेकग्निशनने त्यातले 70 जण फोटोंशी बरोबर जुळवले! चेहरा पुसणारं सॉफ्टवेअर मिळतं, पण डोळ्याच्या खोबणीतली गाठ किंवा सायनस शिकवायचा असेल तर नेमका तोच भाग जाऊ शकतो, अशा केसचा पूर्ण स्कॅन न देता गरजेच्या दोन-तीन स्लाइस (स्कॅनमधले एकेक काप) तेवढ्या द्याव्यात असं माझं मत आहे.