पंखाविरहित ग्राफिक्स कार्ड शीतन

संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावरील चिपमध्ये निर्माण होणारी उष्णता कार्डावर पंखा न बसवता, केवळ धातूच्या हीटसिंकमार्फत (अनेक पातळ पाती असलेला, उष्णता हवेत सोडणारा भाग) व बहुधा हीट पाइप या उष्णतावाहक बंद नळीच्या साहाय्याने, भोवतालच्या हवेत सोडण्याची पद्धत. बोलण्यात ‘फॅनलेस कार्ड’, ‘पॅसिव्ह कूलिंग’ किंवा नुसते ‘सायलेंट कार्ड’ असे शब्द चालतात. यांपैकी ‘सायलेंट’ हा विक्रेत्यांचा शब्द असून तो हळू फिरणाऱ्या पंख्याच्या कार्डांनाही सर्रास लावला जातो. ‘पॅसिव्ह’ हा शब्द काटेकोरपणे घेतला, तर कॅबिनेटमध्येही एकही पंखा असता कामा नये, आणि त्या कसोटीला उतरणारे संगणक थोडेच. प्रस्तुत नोंदीत कार्डावर पंखा नसणे एवढाच अर्थ घेतला आहे. कॅबिनेटचा पंखा त्यात वर्ज्य मानलेला नाही.

सुरुवातीच्या त्रिमितीय कार्डांना पंख्याची गरजच नव्हती. १९९६ साली बाजारात आलेल्या थ्रीडीएफएक्स कंपनीच्या वूडू चिपा बहुतेक कार्डांवर उघड्याच असत. एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ हे कार्ड १९९९ साली येईपर्यंत चिपवर हीटसिंक आणि त्यावर छोटा पंखा ही जोडी रूढ झाली होती. चाळीस-पन्नास मिलिमीटर व्यासाच्या अशा पंख्याला पुरेशी हवा ढकलण्यासाठी मिनिटाला काही हजार फेरे घ्यावे लागतात. त्याचा आवाज बारीक आणि कर्कश असतो, आणि बेअरिंगमधले तेल सुकले की त्यात घरघर मिसळते. २००३च्या आरंभी विक्रीस आलेल्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राचा आवाज इतका गाजला की त्याला हातात धरायच्या व्हॅक्यूम क्लीनरवरून ‘डस्टबस्टर’ हे टोपणनाव पडले आणि खुद्द एनव्हिडियाने स्वतःची थट्टा करणारी चित्रफीत काढली. पंखाविरहित कार्डांची मागणी याच सुमारास वाढलेली दिसते. तथापि तिचे श्रेय या एका कार्डाला देणे फार सोपे होईल, कारण झॅलमन या कोरियन कंपनीचा झेडएम८०ए-एचपी हा पंख्याविना चालणारा हीटसिंक त्याआधी, साधारणतः २००२ मध्ये, बाजारात आलेला होता.

पंख्याच्या आवाजाविषयीचा ढोबळ नियम असा, की त्याच पंख्याची गती निम्मी केली तर ध्वनिपातळी सुमारे १५ डेसिबलने उतरते, हवा मात्र निम्म्यानेच घटते. पंखा काढून टाकण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवावा, या मताचा आधार हाच आहे, आणि व्यवहारात हे मत बरेचसे ग्राह्य ठरले आहे. पंखाविरहित रचनेचे खरे आकर्षण आवाजाच्या आकड्यापेक्षा वेगळे आहे: फिरणारा भागच नसल्याने झिजण्यासारखे काही उरत नाही, आणि जबरीने हवा ओढली जात नसल्याने पात्यांत धूळही सावकाश साचते.

उष्णता बाहेर पडण्याच्या वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन मार्गांपैकी चिपपासून हीटसिंकच्या पात्यांपर्यंतचा प्रवास वहनाचा, तर पात्यांपासून हवेपर्यंतचा मुख्यतः अभिसरणाचा असतो. पंखा नसताना गरम झालेली हवा हलकी होऊन आपोआप वर जाते, खालून थंड हवा येते, आणि या मंद प्रवाहावरच सारी भिस्त असते. हा प्रवाह इतका मंद असतो की पात्यांवर हात धरला तर ऊब जाणवते, झुळूक जाणवत नाही. अशा नैसर्गिक अभिसरणात दर चौरस मीटरमागे, तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकाला, साधारण ५ ते १० वॅट उष्णता हवेत जाते. पंख्याच्या झोतात हे प्रमाण अनेक पटींनी वाढते. उदाहरणार्थ, ७० वॅटचे कार्ड घेतले, पाती कॅबिनेटमधील हवेपेक्षा ४० अंशांनी गरम राहतील असे धरले आणि वरील ५ ते १० वॅटच्या प्रमाणाचा आकडा (गुणांक) ७ मानला, तर पाव चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. हे क्षेत्रफळ ए-फोर आकाराच्या चार कागदांएवढे आहे, आणि ते तळहाताएवढ्या जागेत पात्यांच्या घड्या करून बसवायचे असते.

पाती दाटीने लावली की पृष्ठभाग वाढतो, हे खरे; पण एका मर्यादेनंतर दोन पात्यांमधील हवा त्यांच्या पृष्ठभागांशी अडखळून जवळपास थबकते आणि वाढलेला पृष्ठभाग वाया जातो. समांतर पत्र्यांमधील मुक्त अभिसरणाचा पायाभूत अभ्यास एलेनबास यांनी १९४२ साली प्रसिद्ध केला. त्यावर आधारलेल्या आणि पुढे बार-कोहेन व रोझेनाव यांनी १९८४ मध्ये सुधारलेल्या सूत्रांनुसार १० सेंटिमीटर उंचीच्या, हवेपेक्षा सुमारे ५० अंशांनी गरम असलेल्या पत्र्यांसाठी सर्वांत फलदायी अंतर ६ मिलिमीटरच्या आसपास येते. पंख्याच्या हीटसिंकमध्ये हेच अंतर दीड-दोन मिलिमीटर असते. म्हणून पंख्याच्या कार्डावरील पंखा नुसता काढून टाकला, तर मागे उरलेला हीटसिंक पंखाविरहित हीटसिंकचे काम करत नाही. त्याची पाती त्या कामासाठी फार जवळजवळ असतात. प्रत्यक्ष बाजारातील पंखाविरहित हीटसिंकही या सूत्रांपेक्षा दाट पात्यांचे आढळतात. कॅबिनेटच्या पंख्यामुळे थोडी हवा हलती राहील असे निर्माते गृहीत धरतात, हे त्यामागचे कारण असावे.

प्रारणाचा वाटा लहान असला तरी नगण्य नाही. चकचकीत ॲल्युमिनियमची उत्सर्जकता (प्रारणाने उष्णता सोडण्याची क्षमता; कमाल १) ०.०५च्या जवळ असते, ॲनोडाइज केल्यावर, म्हणजे विजेच्या साहाय्याने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवल्यावर, ती ०.८च्या घरात जाते. हीटसिंक काळा असला की चांगला, ही समजूत यातूनच आलेली दिसते. मात्र या तापमानाला प्रारण अवरक्त असल्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाला फारसे महत्त्व नाही. बिनरंगी ॲनोडाइज केलेला पत्राही जवळजवळ तेवढीच उष्णता सोडतो.

पाव चौरस मीटर पृष्ठभाग जमवला तरी चिपचे क्षेत्रफळ काही चौरस सेंटिमीटरच असते, आणि तेथून दूरच्या पात्यांपर्यंत उष्णता नेताना घन तांब्याचाही जीव अपुरा पडतो. ही अडचण हीट पाइपने सोडवली. हीट पाइप म्हणजे दोन्ही तोंडे बंद केलेली, आतील हवा काढून थोडे पाणी ठेवलेली तांब्याची नळी. तिच्या आतील भिंतीला सच्छिद्र थर असतो, त्याला यथार्थपणे ‘वात’ म्हणतात. गरम टोकाशी पाण्याची वाफ होते, ती गार टोकाकडे जाऊन तेथे तिचे पाणी होते, आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे ते पाणी केशाकर्षणाने परत गरम टोकाकडे येते. पाण्याची अप्रकट उष्मा (वाफ होताना शोषली जाणारी उष्णता) मोठी असल्याने ७० वॅट वाहून नेण्यास सेकंदाला सुमारे ०.०३ ग्रॅम पाण्याची वाफ होणे पुरते, म्हणजे एका थेंबापेक्षाही कमी.

हीट पाइपच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. एक मत हा मान पर्किन्स घराण्याला देते: जेकब पर्किन्स आणि अँजियर मार्च पर्किन्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात इंग्लंडमध्ये बंद नळीतून उष्णता नेण्याच्या रचनांची पेटंटे घेतली, आणि ‘पर्किन्स नळी’ हे नाव अभियांत्रिकीत दीर्घकाळ टिकले. दुसरे मत रिचर्ड गॉगलर यांच्याकडे बोट दाखवते. जनरल मोटर्समधील या अभियंत्याने १९४२ साली अर्ज करून १९४४ मध्ये मिळवलेल्या अमेरिकी पेटंटात, शीतकपाटाच्या कप्प्यातील उष्णता त्याच्याखाली ठेवलेल्या बर्फाकडे नेणारी, वातीची नळी वर्णिली आहे. तिसरे, आणि बहुधा सर्वाधिक प्रचलित मत जॉर्ज ग्रोव्हर यांच्या बाजूचे आहे. लॉस ॲलामॉस प्रयोगशाळेत त्यांनी व सहकाऱ्यांनी १९६३ साली अशी नळी स्वतंत्रपणे तयार केली, आधी पाणी व पुढे सोडियम भरून ती तपासली, आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात तिला ‘हीट पाइप’ हे नाव दिले. १९६७ मध्ये ती अवकाशातही तपासली गेली.

हे तीन दावे एकाच गोष्टीविषयीचे नाहीत, हे वादात अनेकदा नजरेआड होते. पर्किन्स नळीत वात नव्हती. पाणी गुरुत्वाने परत येई, म्हणून गरम टोक खालीच असावे लागे. गॉगलर यांच्या रचनेत गार टोक खाली होते, आणि पाणी वर चढवण्यासाठीच वात आवश्यक झाली. ग्रोव्हर यांना गुरुत्व नसलेल्या अवकाशासाठी साधन हवे होते, म्हणून तेही वातीकडेच वळले. प्रस्तुत विषयापुरते पाहता गॉगलर यांचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो, कारण नेहमीच्या उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवे बसते आणि त्याची चिप खालच्या बाजूला असते. हीटसिंक तिच्याखाली लटकतो. त्यामुळे हीट पाइपचे गरम टोक वर आणि गार टोक खाली, अशी नेमकी शीतकपाटातली स्थिती येते. पर्किन्स नळी येथे निरुपयोगी ठरली असती. वातीच्या प्रकारांतही यामुळे फरक पडतो: नळीच्या भिंतीत नुसत्या खाचा पाडलेली वात चढावर लवकर हार मानते, तर तांब्याची भुकटी भाजून चिकटवलेली वात बरीच टिकते.

चिप खाली असण्याचा दुसरा तोटा हवेच्या बाजूने होतो. हीटसिंकमधून वर निघालेली गरम हवा कार्डाच्याच पाटीला अडते आणि कडेने वाट काढते. यावर झॅलमनच्या उपरोक्त हीटसिंकमध्ये कार्डाच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड हीटसिंक बसवून कडेवरून वळवलेल्या हीट पाइपने ते जोडले होते. वरचा हीटसिंक मोकळ्या हवेत येई. इंटेलने पुरस्कारलेल्या बीटीएक्स या मदरबोर्ड (संगणकाची मुख्य पाटी) व कॅबिनेटच्या रचनेत चिपची बाजू वर येत असे, परंतु २००६ मध्ये इंटेलने ती रचना सोडून दिली. सिल्व्हरस्टोनच्या रेव्हन मालिकेत (२००९च्या सुमारास) मदरबोर्ड काटकोनात फिरवून कार्डे उभी टांगली गेली, त्यामुळे दोन पात्यांमधील वाट सरळ वर जाणारी झाली. मालिकेच्या कॅबिनेटमध्ये तळाशी मोठे पंखे असल्याने शुद्ध पॅसिव्हवाद्यांना ती मान्य नाही.

तयार पंखाविरहित कार्डे साधारणतः २००४ नंतर नियमित मिळू लागली. गिगाबाइटने ‘सायलेंट-पाइप’, असूसने ‘सायलेंट’ आणि पॉवरकलरने ‘एससीएस३’ या नावांनी ती विकली, तर आर्क्टिक कूलिंगचा ॲक्सेलेरो एस१ हा सुटा हीटसिंक जुन्या कार्डावर बसवण्यासाठी लोकप्रिय झाला. पॅलिटच्या ‘कामएक्स’ मालिकेतील कार्डांची ओळ या पद्धतीची मर्यादा चांगली दाखवते: २०१४चे जीटीएक्स ७५० टीआय ६० वॅटचे, त्यापुढचे जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅटचे, आणि २०२४मधील ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० ७० वॅटचे. दहा वर्षांत गणनशक्ती कितीतरी वाढली, उष्णतेची रेषा मात्र पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसवायच्या खाचेतून, मिळू शकणाऱ्या ७५ वॅटच्या आसपासच राहिली. याच काळात वरच्या श्रेणीतील कार्डे आरटीएक्स ४०९०च्या ४५० वॅटपर्यंत गेली. त्यांना ही पद्धत लागू पडत नाही. शिवाय २०१४पासून भार कमी असताना पंखा पूर्ण थांबवणारी कार्डे सर्वत्र आल्याने पंखाविरहित कार्डांची बाजारपेठ आक्रसली.

सुटा हीटसिंक बसवताना जुनी थर्मल पेस्ट (चिप व हीटसिंक यांमधील फट भरणारा उष्णतावाहक लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, चिपभोवतालच्या भोकांतील अंतर जुळते का ते पाहणे आणि चारही स्क्रू आलटून-पालटून थोडे थोडे आवळणे ही कामे परिचित आहेत. दुर्लक्ष होते ते चिपखेरीज इतर भागांकडे. मूळ पंख्याची हवा मेमरी चिपांवर आणि वीज नियमन करणाऱ्या भागांवरही जात असे. पंखा गेल्यावर तेच आधी तापतात, आणि त्यांचे तापमान दाखवणारा संवेदक पुष्कळ कार्डांवर नसतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. मेमरीवर चिकटवायचे छोटे हीटसिंक आणि चिपचे व्होल्टेज थोडे उतरवणे हे उपाय त्यासाठी केले जातात. कॅबिनेटमध्ये निदान एक मंद पंखा ठेवावा हा सल्ला रास्त आहे. ७० वॅट उष्णता हवेचे तापमान २० अंशांनी वाढवून बाहेर न्यायची, तर सेकंदाला तीन लिटर हवा पुरते, आणि हे काम १२० मिलिमीटरचा पंखा ऐकू येईल न येईल अशा गतीने करतो.

पंखा गेल्यावर आधी झाकलेले आवाज उघडे पडतात. कार्डावरील प्रेरक वेटोळ्यांतून बदलत्या भारानुसार प्रवाह बदलतो, त्यांची तार व गाभा कंप पावतात आणि किणकिण ऐकू येते. पडद्यावरील चित्र सरकवताना हा स्वर चढता-उतरता ऐकू आला, तर दोष बहुधा याच वेटोळ्यांचा असतो. हीटसिंक कितीही मोठा असला तरी त्याने तो थांबत नाही.

कॅबिनेटची भिंतच हीटसिंक करण्याचा प्रकार यापुढचा होय. झॅलमनच्या टीएनएन ५००ए या अवजड कॅबिनेटमध्ये प्रोसेसर व ग्राफिक्स चिप या दोहोंची उष्णता हीट पाइपने बाजूच्या जाड ॲल्युमिनियम भिंतींकडे नेली जाई. पुढे स्ट्रीकॉमसारख्या निर्मात्यांनी हाच मार्ग लहान आकारात आणला. यात पाती उभी आणि खोलीच्या मोकळ्या हवेत असल्याने कॅबिनेटमधील साचलेल्या हवेचा प्रश्न मिटतो. गैरसोय अशी, की कार्ड भिंतीशी नळ्यांनी जखडलेले असते. कार्ड बदलायचे तर चिपची उंची आणि भोकांतील अंतर जुळणारा, चिपवर टेकून तिची उष्णता नळ्यांना देणारा नवा ठोकळा मिळवावा लागतो, पेस्ट नव्याने लावावी लागते, आणि कित्येकदा नळ्याही पुन्हा वाकवून घ्याव्या लागतात.