१२३ करार वेगळा, ८१०ची परवानगी वेगळी

मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं होल्टेक कंपनीला छोट्या अणुभट्टीचं तंत्रज्ञान भारतात द्यायला मंजुरी दिली. तेव्हा कुपवाड एमआयडीसीत एक शंका हमखास निघायची: "अणुकरार २००८लाच झाला की! मग आता परत परवानगी कसली?" शंका रास्त आहे. अमेरिकेशी २००८ला झाला तो १२३ करार, होल्टेकला मिळाली ती ८१०ची परवानगी. दोन्हींचं मूळ अमेरिकेच्या १९५४च्या अणुऊर्जा कायद्यात, दोन्हींची नावं म्हणजे नुसते आकडे, आणि बातम्या दोन्हींना 'अणुकरार' म्हणून मोकळ्या होतात.

१२३ हे त्या कायद्याचं कलम. करार होतो तो दोन सरकारांत. त्यानं मुभा मिळते. एक किलो युरेनियमसुद्धा जागचं हलत नाही. तपासणी मात्र कडक. नेहमीच्या अटी पाळणारा करार असेल तर अमेरिकी संसदेनं ठरलेल्या मुदतीत मोडता घातला नाही की तो लागू होतो. आपलं तसं नव्हतं. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर आपण सही केलेली नाही, म्हणून अमेरिकेला २००६मध्ये हाइड कायदा करून आधी सूट द्यावी लागली. मग १ ऑगस्ट २००८ला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या नियामक मंडळानं आपल्या नागरी अणुभट्ट्यांच्या देखरेखीचा मसुदा मान्य केला, ६ सप्टेंबरला अणुपुरवठादार गटानं, म्हणजे अणुइंधन आणि तंत्रज्ञान निर्यात करणाऱ्या देशांच्या गटानं, सवलत दिली, आणि त्यानंतर अमेरिकी संसदेत सरळ मतदान झालं. सिनेटमध्ये ८६ विरुद्ध १३. सह्या झाल्या १० ऑक्टोबरला, दोन्हीकडच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या, प्रणव मुखर्जी आणि काँडोलिझा राइस यांच्या. आपल्याकडे लोकांच्या लक्षात राहिला तो याच करारावरून लोकसभेत झालेला जुलैतला विश्वासदर्शक ठराव, २७५ विरुद्ध २५६.

८१० हा अमेरिकी ऊर्जा खात्याच्या नियमांचा भाग. इथं संसद नाही, मतदान नाही. कंपनी अर्ज करते, परराष्ट्र खातं संमती देतं, संरक्षण आणि वाणिज्य खात्यांचा व अणुनियामक आयोगाचा सल्ला घेतला जातो, शेवटी ऊर्जामंत्री मंजुरी देतात. बाहेर जातं ते ज्ञान: ड्रॉइंग, आकडेमोड, इंजिनिअरांचं प्रशिक्षण. यंत्रं आणि इंधन पाठवायचं तर अणुनियामक आयोगाचा निर्यात परवाना आणखी वेगळा. काही देशांना ८१०मध्ये सरसकट मोकळीक आहे. त्या यादीत १२३ करार असूनही भारत नाही, म्हणून दर वेळी स्वतंत्र अर्ज.

तासगावचा बागायतदार हे लगेच ओळखेल. युरोपचा बाजार भारतीय द्राक्षाला खुला असला, तरी प्लॉटची नोंदणी आणि औषधांच्या अंशाचा रिपोर्ट नसेल तर माल जात नाही.

पण '१२३ ही पहिली पायरी, ८१० दुसरी' असं पाठ करणाऱ्या स्पर्धापरीक्षावाल्यांनी सौदी अरेबियाकडे बघावं. तिथं १२३ करार झालेला नसताना ८१०च्या परवानग्या २०१७पासून देण्यात आल्या होत्या. म्हणजे या दोन वाटा समांतर आहेत, एकावर एक रचलेल्या नाहीत. मला तर ८१०च जास्त बोचरी वाटते, कारण तिच्यात नावानिशी कंपन्या असतात. होल्टेकच्या मंजुरीत तीनच नावं आहेत: लार्सन अँड टुब्रो, टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि होल्टेकचीच पुण्यातली उपकंपनी. देशातली अणुवीज केंद्रं चालवणारी सरकारी कंपनी एनपीसीआयएल त्यात नाही.

कुपवाडच्या वर्कशॉपला याच मंजुरीतली पुढची अट कामाची आहे. या तिघांना मिळालेली माहिती अमेरिकी सरकारच्या लेखी संमतीशिवाय भारतातल्याच दुसऱ्या कंपनीलाही देता येत नाही. साध्या नटबोल्टचा प्रश्न नाही. पण अणुभट्टीसाठी खास बनवलेल्या भागाचं होल्टेकचं ड्रॉइंग जॉबवर्कला आलं, तर कोटेशन देण्याआधी ती संमती आपल्या नावानं आहे का, हे विचारून घ्यावं. गुजरातमधल्या काक्रापारसारख्या देशी बनावटीच्या ७०० मेगावॉट भट्टीच्या कामाला ही भानगड नाही.