उतारावरच्या वस्तूचा फ्री बॉडी डायग्राम

उतारावर ठेवलेल्या किंवा घसरणाऱ्या वस्तूवर कोणकोणती बलं लागतात ते बाणांनी दाखवणारी आकृती. पुस्तकात मुक्त वस्तू आकृती वगैरे म्हणतात, क्लासमध्ये सगळे एफबीडीच म्हणतात. वस्तू एकटी काढायची, जमीन, दोरी, माणूस सगळं पुसून टाकायचं आणि ते वस्तूला जे करत होते तेवढं बाण म्हणून ठेवायचं. प्रत्येक बाणाला एकच प्रश्न विचारायचा, हे कोण करतंय? उत्तर आलं नाही तर तो बाण खोडा. कोकणात सपाट जागाच कमी, छपरापासून पाखाडीपर्यंत सगळं तिरकं, त्यामुळे उदाहरणांना तोटा नाही.

साधी केस घेऊ. टेम्पोतून चिरे उतरवायला फळी लावलीय, उतार ३० अंश, फळीवर २५ किलोचा जांभ्याचा चिरा टेकलाय. बाण तीनच. वजन, २४५ न्यूटन, पृथ्वी ओढते म्हणून सरळ खाली, फळी कितीही तिरकी असो. नॉर्मल म्हणजे फळीने दिलेला रेटा, तो फळीला काटकोनात. आणि घर्षण फळीला समांतर, चिरा जिकडे घसरू पाहतो त्याच्या उलट, म्हणजे इथे वर. सगळ्यात जास्त मार्क जातात ते नॉर्मलमध्ये, कारण टेबलावरच्या वस्तूंची सवय झालेली असते आणि पोरं तो बाण सरळ आकाशाकडे काढतात.

मग वजनाचे दोन घटक पाडायचे, फळीच्या दिशेने एमजी साइन थीटा (एमजी म्हणजे वजन, थीटा म्हणजे उताराचा कोन) म्हणजे १२२.५ न्यूटन, काटकोनात एमजी कॉस थीटा म्हणजे साधारण २१२. हे तुटक रेषेने काढा. ती वेगळी बलं नाहीत, वजनच आहे ते, ठळक बाणाने काढली की तेच वजन दोनदा मोजलं जातं. साइन कुठे कॉस कुठे हा घोळ होतो त्यावर उपाय म्हणजे आकृती ४५ अंशाची कधीच काढायची नाही, १५-२० अंशाची काढायची, मग छोटा घटक कुठला ते डोळ्यांनाच दिसतं. तरी शंका असेल तर उतार शून्य करून बघा, साइन शून्य झाला पाहिजे, सपाट फळीवर कोण घसरतंय.

आता घर्षण. म्यू म्हणजे घर्षणांक, दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचा आकडा. म्यू गुणिले नॉर्मल हे घर्षणाचं उत्तर नसतं, ती त्याची कमाल मर्यादा असते, हे वाक्य पाठ केलं तरी अर्धी गणितं सुटतात. कोरड्या फळीवर म्यू ०.७ धरला तर मर्यादा १४८ च्या आसपास, पण चिरा थांबलेला आहे म्हणून घर्षण १२२.५ च, जेवढं लागतं तेवढंच. पाऊस पडून फळी बुळबुळीत झाली, म्यू ०.४ वर आला, तर घर्षण जेमतेम ८५, उरलेले ३७-३८ न्यूटन चिऱ्याला खाली घेऊन जातात, त्वरण दर सेकंदाला सेकंदामागे दीड मीटर. फळी हळूहळू उचलत गेलं तर ज्या कोनाला वस्तू निसटते त्याचा टॅन म्हणजेच स्थिर घर्षणाचा म्यू. यात वस्तुमान येतच नाही, म्हणून जड चिरा आधी घसरेल हा समज चुकीचा.

छपरावरचं कौल हे माझ्या मते यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण, पुस्तकांत ते का नसतं कोण जाणे. जुने नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, बरेचसे घर्षणावर आणि एकमेकांच्या आधारावर पडून असतात, म्हणून सरकतात, म्हणून दरवर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं पुन्हा नीट लावणं. मंगलोरी कौलाच्या पाठीला उंचवटे असतात ते रिपेला, म्हणजे खालच्या आडव्या लाकडी पट्टीला, अडकतात, म्हणजे आकृतीत उताराला समांतर वर जाणारा आणखी एक बाण आला, तो रिपेचा, आणि घर्षणावरचा भार कमी झाला. पण वादळात? वारा छपरावरून जोरात गेला की कौलाला वरून ओढ बसते, छपराला काटकोनात, बाहेरच्या दिशेने. २.५ किलोचं कौल ३० अंशाच्या छपरावर असेल तर वारा नसताना नॉर्मल साधारण २१ न्यूटन. ओढ तेवढी झाली की नॉर्मल शून्य, आणि शून्याच्या खाली तो जात नाही, कारण रीप कौलाला नुसता टेका देते, धरून ठेवत नाही. नॉर्मल गेला की घर्षणही गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कौलं पत्रे उडाले त्यामागे हाच हिशोब.

होडी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, ओढताना बाण फिरतात. वर ओढताय तर घर्षण खाली समुद्राकडे, पाण्यात लोटताय तर वर. दोरी खांद्यावरून घेतली की ती थोडी वरच्या बाजूला ओढते, नॉर्मल कमी होतो, घर्षणही कमी. होडीची मागची बाजू अजून पाण्यात असेल तर पाण्याचं उत्प्लावक बल सरळ उभं वर काढायचं, पुळणीला काटकोनात नाही.

रेल्वेचं थोडक्यात. कोकण रेल्वेचा रूलिंग ग्रेडियंट, म्हणजे मार्ग आखताना धरलेला कमाल चढ, १५० ला १, म्हणजे दर टनामागे वजनाचा उताराच्या दिशेचा घटक फक्त ६५ न्यूटन. कर्जतच्या वर बोर घाटात ३७ ला १, तिथे हेच २६५, म्हणून चढणीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात.

बाणांच्या आधीही लोकांनी हे ओळखलं होतं, सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ मध्ये दोन वेगळ्या उतारांवर गोळ्यांची माळ टाकली आहे अशी कल्पना करून, ती आपोआप फिरत राहणार नाही एवढ्यावरून उताराचा नियम काढला.

एक केस मात्र वेगळी, घाटातलं तिरकं बांधलेलं वळण. एसटी घसरत नाहीये, वळतेय, त्वरण आडवं आहे, म्हणून अक्षही आडवा आणि उभा घ्यायचा, उताराला समांतर नाही. घर्षण सोडून दिलं तर नॉर्मलचा उभा घटक वजनाएवढा होतो, म्हणजे नॉर्मल वजनापेक्षा जास्त, फळीवर तो कमी होता. आणि खिडकीकडे फेकल्यासारखं वाटतं त्याचा बाण रस्त्यावर उभं राहून काढलेल्या आकृतीत येत नाही, कारण तसं फेकणारं तिथे कुणीच नसतं.