रोमँटिक बॅलेचा पांढरा पोशाख: ऑर्डर देण्यापूर्वी थोडी माहिती

नमस्कार. बॅलेच्या वर्गांना वार्षिक कार्यक्रमासाठी पोशाख शिवून देणं आणि भाड्याने देणं हा आमचा व्यवसाय आहे. 'जिझेल' किंवा 'ला सिल्फिद'मधला एखादा प्रवेश बसवायचा ठरला की पालकांचा नाहीतर शिकवणाऱ्या ताईंचा फोन येतो, "पांढरा बॅले ड्रेस हवा आहे." सोबत फोटो येतो तो बहुतेक वेळा कमरेतून आडव्या निघालेल्या, ताठ, आखूड झग्याचा. आज 'स्वान लेक'मध्ये दिसतो तो हा पोशाख. तो सुंदर आहेच, पण रोमँटिक काळानंतर, म्हणजे साधारण 1830-40 च्या दशकांनंतर, रूढ झालेला आहे. 'जिझेल'च्या दुसऱ्या अंकात तो घातला की नाचाचा अर्थच बदलतो. म्हणून हे पत्रक.

सुरुवात पॅरिसला झाली

12 मार्च 1832 रोजी पॅरिसच्या ऑपेरात 'ला सिल्फिद'चा पहिला प्रयोग झाला. फिलिप्पो ताल्योनी यांनी तो आपल्या मुलीसाठी, मारी ताल्योनीसाठी बसवला होता. गोष्ट स्कॉटलंडमधली. जेम्स नावाच्या तरुणाचं लग्न असतं आणि त्याच दिवशी वाऱ्यासारखी एक परी त्याच्या घरात येते. तो तिच्यामागे रानात जातो. तिला धरून ठेवायला चेटकिणीने दिलेली ओढणी तो तिच्या अंगावर टाकतो, आणि परीचे पंख गळून पडतात. ती मरते. हाताला न लागणारी, पकडली की संपणारी अशी ती नायिका आहे आणि तिचा पोशाख याच कल्पनेतून आला आहे.

या पोशाखाचं श्रेय चित्रकार युजीन लामी यांना दिलं जातं. अंगाला घट्ट चोळी, गळा आणि खांदे उघडे, पोटरीपर्यंत येणारा घंटेच्या आकाराचा पांढरा घेर, पाठीवर लहानसे पंख, केसांत फुलं. कपड्यावर कलाकुसर जवळजवळ नाहीच. त्याआधीच्या दरबारी बॅलेत जरीकाम आणि जड झगे असत, हे लक्षात घेतलं तर हा साधेपणा किती धाडसी होता ते कळतं. मारी साले या नर्तकीने लंडनमध्ये 1734 साली साधा मलमलचा झगा घालून नाच केला होता. पण ताल्योनीनंतर पांढरा घेर हा बॅलेचा जणू गणवेशच झाला.

यात दिव्यांचाही वाटा आहे. पॅरिसच्या ऑपेरात 1822 साली गॅसचे दिवे आले. हा उजेड कमीजास्त करता येई, त्यामुळे रंगमंचावर चांदणं दाखवता येऊ लागलं. 1831 साली संगीतकार मायरबेरच्या 'रोबेर ल दियाब्ल' या ऑपेरात मेलेल्या जोगिणी (नन) थडग्यांतून उठून नाचतात असा प्रवेश होता. त्यांची प्रमुखही मारी ताल्योनीच होती. निळसर उजेडात पांढऱ्या कापडाचे थर पारदर्शक दिसतात, त्यांच्या कडा विरून जातात आणि माणूस जमिनीपासून सुटल्यासारखा भासतो. आमच्या मते या पोशाखाची निम्मी जादू उजेडात आहे. तुमच्या सभागृहात सगळे दिवे लख्ख पांढरे लागणार असतील तर प्रकाशयोजना करणाऱ्यांशी आधी बोला आणि निळी किंवा फिकट जांभळी छटा मागा.

दोन नावं, एक गोंधळ

'ला सिल्फिद' आणि 'ले सिल्फिद' ही दोन वेगळी नृत्यं आहेत. पहिलं वर सांगितलेलं. दुसरं नृत्यरचनाकार मिशेल फोकिन यांचं, शोपँच्या संगीतावरचं, 1909 साली पॅरिसला गाजलेलं, त्या जुन्या पांढऱ्या बॅलेची आठवण जागवणारं. दोन्हींत लांब घेर लागतो, पण पहिल्यात जेम्सचा स्कॉटिश पोशाखही लागतो. ऑर्डर देताना संगीतकाराचं नाव कळवलंत तर घोटाळा होत नाही. पहिल्याचीही दोन संगीतं आहेत. पॅरिसचं श्नाइट्सहोफर यांचं आणि 1836 साली ऑगस्ट बूर्नोनविल यांनी कोपनहेगनला नव्याने बसवलेल्या रूपासाठी लोव्हेनस्कोल यांनी लिहिलेलं. डॅनिश मंडळींनी आपलं रूप आजवर अखंड जपलं आहे. वर्गांमध्ये बहुधा हेच संगीत वाजतं.

'जिझेल' 28 जून 1841 रोजी पॅरिसलाच आलं. संगीत आदोल्फ आदाम यांचं, नायिका कार्लोता ग्रिझी. पहिल्या अंकात जिझेल गावातली मुलगी आहे, म्हणून तिथे रंगीत घेर, समोर नाडी बांधलेली चोळी आणि ॲप्रन. दुसऱ्या अंकातल्या 'विली' म्हणजे लग्नाआधी मरण आलेल्या मुलींची भुतं. त्या सगळ्या एकसारख्या पांढऱ्या. इथे एका मुलीचा घेर दुसरीपेक्षा आखूड असला तर रांगेची रेघ मोडते. म्हणून गटाची मापं आम्ही एकाच दिवशी घेतो आणि लांबी प्रत्येकीच्या पोटरीवरून ठरवतो, वयावरून नाही.

रंग हवाच असेल तर

रोमँटिक काळ म्हणजे फक्त पांढरा नव्हे. ताल्योनीची प्रतिस्पर्धी फानी एल्सलर 1836 साली 'ल दियाब्ल ब्वातो' या बॅलेत काचुचा हा स्पॅनिश नाच करून गाजली. तिचा पोशाख गुलाबी सॅटिनचा, त्यावर काळी लेस, हातात चिपळ्यांसारखी वाजणारी कास्टानेट. समीक्षक तेओफिल गोतिए यांनी ताल्योनीला ख्रिस्ती आणि एल्सलरला पेगन, म्हणजे ख्रिस्ती नसलेली, जुने देव मानणारी नर्तकी म्हटलं होतं. ज्या मुलीचा पिंड जोशपूर्ण आहे तिला धुक्यातली परी करण्यापेक्षा हा पोशाख द्या, ती खुलून नाचेल.

त्याच पॅरिसमध्ये 1838 साली पुदुच्चेरीजवळच्या देवदासींचं एक पथक आलं होतं. त्यांच्यातली अमानी ही नर्तकी गोतिए यांना फार भावली. शिल्पकार बार यांनी ताल्योनी आणि एल्सलर यांच्या मूर्ती केल्या, तशी अमानीचीही केली. ताल्योनीने 1830 साली रंगमंचावर भारतीय नर्तकीची भूमिका केली होती, पण खऱ्या भारतीय नर्तकी पॅरिसच्या प्रेक्षकांनी पाहिल्या त्या आठ वर्षांनी. आपल्याकडच्या कार्यक्रमात निवेदन करणाऱ्यांनी हे जरूर सांगावं.

आगीबद्दल, कृपया हे वाचाच

पातळ कापडाचे सुटे थर आणि उघडे गॅसदिवे, यात नर्तकींचे जीव गेले. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात डिसेंबर 1844 मध्ये क्लारा वेबस्टरचा झगा पेटला आणि ती तीन दिवसांत गेली. पॅरिसला कापड क्षारांच्या द्रावणात बुडवून आगरोधक करण्याची पद्धत निघाली, 1859 साली ते सक्तीचंही झालं. पण त्याने कापड ताठ आणि मळकट होई. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिने आपण साध्या झग्यातच नाचणार असं लेखी कळवलं. 15 नोव्हेंबर 1862 रोजी तालमीत तिचा घेर गॅसच्या ज्योतीला लागला. आठ महिने यातना सोसून 26 जुलै 1863 रोजी ती वारली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. जळलेल्या पोशाखाचे अवशेष पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात आहेत.

आजची नायलॉन नेटही पेटते, शिवाय वितळून कातडीला चिकटते. आपल्या कार्यक्रमांत दीपप्रज्वलनाची समई रंगमंचाच्या कडेलाच असते आणि मुली तिच्या अगदी जवळून ये-जा करतात. मुली विंगेत येण्याआधी समई हलवा किंवा शांत करा. मेणबत्त्या घेऊन नाच बसवला असेल तर बॅटरीवरच्याच घ्या, उघड्या ज्योतीसाठी आम्ही हा पोशाख देत नाही.

शिलाई, माप आणि काळजी

तेव्हा मलमल, गॉझ आणि खळ दिलेली टार्लटन (विरळ विणीचं सुती कापड) वापरत. इंग्रज संशोधक हीथकोट यांच्या 1809 च्या पेटंटनंतर यंत्रावरची जाळी इंग्लंडमध्ये निघू लागली, आणि आज आपण जी नेट वापरतो ती त्याच घराण्यातली. आम्ही मऊ नेटचे पाच थर चुण्या घालून नितंबाच्या पट्टीला जोडतो. प्रत्येक थराची लांबी किंचित वेगळी ठेवतो, त्यामुळे खालची कड ठळक दिसत नाही. घागऱ्याची कॅनकॅन नेट लावा असा आग्रह होतो. ती लावल्यास घेर उभा राहतो, पण उडी संपल्यावर हळूच खाली उतरत नाही, आणि तो उतरतानाच तर सगळ्यात सुंदर दिसतो. टिकल्यांचंही तसंच. चार-दोन मोती पुरे.

मापासाठी छाती, कंबर, नितंब, कमरेपासून पोटरीच्या मध्यापर्यंतची लांबी, आणि खांद्यावरून पायांमधून परत त्याच खांद्यापर्यंतचा फेर घ्या. हे शेवटचं माप चुकलं तर चोळी ओढली जाते. वाढत्या मुलींसाठी पाठीला हुकांच्या दोन ओळी लावून देतो.

पोशाख घडी घालून ठेवू नका, टांगून ठेवा. नेटला गरम इस्त्री लावू नका, वाफ पुरते. चोळी आतून ओल्या कापडाने पुसून सावलीत वाळवा. भाड्याचा पोशाख न धुता परत द्या, धुण्याचं काम आमच्याकडे. पहिली ट्रायल कार्यक्रमाच्या निदान दोन आठवडे आधी ठेवा आणि मुलीला नाचाचे बूट घालूनच घेऊन या, कारण पंजावर उभं राहिल्यावर घेराची लांबी वेगळी दिसते.