दारापुढचा बर्फ कुणी काढायचा?

नागपुरात बर्फ पडत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला, तेव्हा शहर कुडकुडलं, पण तेवढंच. आभाळातून पांढरं काही पडलंच तर ती गारपीट, आणि तीही बघता बघता विरघळते. तरीही हा विषय इथल्या पुष्कळ घरांच्या जवळचा आहे, कारण लेक शिकागोला किंवा सून-मुलगा टोरांटोला असतात आणि आई-बाबा हिवाळ्यात तिकडे जाऊन येतात. शिकागोत पोरगा ऑफिसला निघायच्या आधी फावडं घेऊन घरापुढचा फुटपाथ मोकळा करताना दिसला, की बाबा विचारतात, ‘फुटपाथ तर सरकारचा, मग बर्फ तू का काढतोस?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. अमेरिकेतली कोर्टं त्यावर जवळपास दोनशे वर्षं भांडत आली आहेत.

बॉस्टन शहराने घरमालकांवर ही जबाबदारी टाकली, तेव्हा गोडार्ड नावाच्या रहिवाशाने दंडाविरुद्ध दाद मागितली. १८३५ साली मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी शहराच्या बाजूने निकाल दिला. हा घरमालकांवर लादलेला वेगळा कर नव्हे, असं त्यांचं म्हणणं. घरापुढचा बर्फ सगळ्यांत लवकर काढू शकतो तो त्या घरातलाच माणूस, आणि वाट मोकळी राहण्यात त्याचाही फायदा आहे, म्हणून काम त्याच्याकडे. १८७८ मध्ये इलिनॉयच्या (शिकागो याच राज्यात) सर्वोच्च न्यायालयाने नेमकं उलट म्हटलं: फुटपाथ जनतेचा, त्यावर घरमालकाची जबाबदारी इतर कुठल्याही नागरिकाइतकीच, तेव्हा सक्ती चालणार नाही. देश एकच, निकाल दोन. शॉ यांचा युक्तिवाद मला जास्त पटतो, पण तो धडधाकट माणूस गृहीत धरतो. सत्तरीतल्या एकट्या बाईने ओला बर्फ कसा उपसायचा, याचं उत्तर त्यात नाही.

त्या काळी रस्त्यावरच्या बर्फाची अडचण आजच्याइतकी नव्हती. घोड्यांच्या घसरगाड्यांना दाबलेला बर्फ सोयीचाच पडे, म्हणून अनेक गावांत तो उपसण्याऐवजी मोठ्या रोलरने दाबून घट्ट करत. मोटारी आल्या आणि सगळं फिरलं. रस्ता कोरडा हवा झाला, पुढे रुंद पातं लावलेले ट्रक बर्फ कडेला ढकलू लागले, आणि कडेला असतो फुटपाथ. १९४१-४२ च्या हिवाळ्यापासून न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यांवर सर्रास मीठ टाकायला सुरुवात केली, पुढे ती पद्धत सगळीकडे पसरली. गाडीवाल्याची सोय झाली. चालणाऱ्याच्या वाट्याला कोपऱ्याकोपऱ्यावर गुडघाभर ढीग आला, आणि रस्ता ओलांडायचा तो नेमका तिथूनच.

नुकता पडलेला बर्फ रव्यासारखा भुरभुरीत असतो, फावड्याने सहज निघतो. त्यावरून दहा-वीस माणसं चालली की तो दबून कडक होतो. दुपारी ऊन पडलं की वरचा थर वितळतो, रात्री गोठतो, आणि सकाळी फुटपाथ नुसता ओला दिसतो. प्रत्यक्षात ती पातळ, पारदर्शक काच असते. माणसं घसरून हाडं मोडतात ती बहुधा इथे. मीठही साधारण उणे ९ अंशांखाली फारसं काम करत नाही, मग वाळू टाकावी लागते. म्हणून तिथल्या नियमांत वेळेला एवढं महत्त्व. न्यूयॉर्कमध्ये दिवसा बर्फ थांबल्यापासून ४ तासांत वाट मोकळी करावी लागते, रात्री पडलेल्या बर्फाला सकाळी ११ पर्यंत मुदत. १८७८ चा तो निकाल असला तरी आज शिकागोतही नियम आहे: वाट किमान ५ फूट रुंद हवी, म्हणजे व्हीलचेअर आणि बाबागाडी जाते.

दुसरी भीती दाव्याची. जुन्या न्यायानुसार आपोआप साचलेल्या बर्फावर कुणी घसरलं तर मालक सहसा सुटे, पण अर्धवट साफ करून जागा जास्त निसरडी केली तर अडके. म्हणून लोक हातच लावेनात. इलिनॉयने १९७९ मध्ये कायदा करून घरापुढचा बर्फ काढणाऱ्यांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिलं. मुद्दाम किंवा बेफिकिरीने केलेलं तेवढं वगळलं. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने २०१० मध्ये उलट ‘आपोआप साचलेला’ हा भेदच मोडीत काढला, म्हणजे तशा बर्फाबाबतही मालक अडकू शकतो. न्यूयॉर्कने २००३ मध्ये फुटपाथवरच्या अपघातांची भरपाई बहुतेक मालमत्ताधारकांवर टाकली, मालक स्वतः राहत असलेली छोटी घरं सोडून. कॅनडातल्या विनिपेगमध्ये मात्र महापालिका स्वतः यंत्रांनी फुटपाथ साफ करते. स्वीडनमधल्या कार्लस्कूगा गावाने क्रमच बदलला: आधी पायवाटा आणि सायकलचे रस्ते, मग मोठे रस्ते. मला तरी हेच सगळ्यांत न्याय्य वाटतं.

आपल्याकडे दारापुढे सडा-रांगोळी घालणाऱ्या बाईला तो रस्ता कुणाचा हे कधी विचारावं लागलं नाही. पण ती रीत झाली, कायदा नाही. नागपूरला २०१२ पर्यंत स्वतःचा १९४८ चा महापालिका कायदा होता. नंतर राज्याचा महापालिका कायदा लागू झाला. त्यात रस्ते झाडणं आणि त्यांवरचे अडथळे हटवणं ही महापालिकेची बंधनकारक कामं आहेत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. पाणी उतरलं तेव्हा घराघरांत चिखल होता आणि लोक फावडी-घमेली घेऊन तो उपसत होते. बर्फाच्या जवळ जाणारा अनुभव या शहराला आला असेल तर तो हाच.

एरवी इथला फुटपाथ अडतो तो आपल्या हातांनी: गाडी चढवायचा रॅम्प, वाढवलेला ओटा, कुंपण घालून केलेली बाग, दुकानाचा बाहेर मांडलेला माल. ज्येष्ठ माणूस मग उतरून गाड्यांमधून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी सांगितलं की, चालण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि त्यासाठी राज्यांनी मार्गदर्शक नियम करावेत. त्या नियमांत घरमालकाने दारापुढे काय करू नये, याबरोबरच किती फूट वाट मोकळी ठेवायची आणि अडथळा किती तासांत हटवायचा, हेही आकड्यांत लिहिलं गेलं पाहिजे.