कुंभारजुव्याचा कालवा : मगरींच्या आधीचं पाणी

गोव्यात दिवसभराची नदीची सहल म्हटली की आता दोनच प्रकार डोळ्यांसमोर येतात. एक, संध्याकाळी मांडवीत गाणी लावून फिरणारी दिव्यांची बोट. दुसरा, सकाळी कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी दाखवायला नेणारी लाँच. पहिलीविषयी सांगण्यासारखं फार नाही. दुसरीत मात्र सगळ्यांच्या नजरा काठच्या चिखलावर असतात आणि ज्या पाण्यातून आपण जातोय त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. या लेखाचा विषय ते पाणी आहे.

नकाशा उघडला तर गोष्ट चटकन कळते. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी आणि दोघींना जोडणारा हा वेडावाकडा प्रवाह. नावात कालवा असला तरी तो नैसर्गिक मानतात. राष्ट्रीय जलमार्गांच्या 2016 च्या कायद्यात त्याची लांबी 17 किलोमीटर आणि जलमार्ग क्रमांक 27 दिला आहे. या प्रवाहामुळेच तिसवाडी हे बेट झालं. पलीकडे अंत्रूज, म्हणजे आजचा फोंडा तालुका. 1510 मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला तो हा तिसवाडीचा तुकडा. फोंडा पोर्तुगीजांकडे जायला अठराव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. म्हणजे अडीचशे वर्षं हे पाणी सरहद्द होतं, आणि भरतीला नावेने, ओहोटीला चिखल तुडवत ओलांडता येईल अशी सरहद्द. इथे गडबडी झाल्या त्या त्यामुळेच.

पहिली मोठी गडबड कालव्याकाठच्या बाणस्तारीला झाली. आज पुलावरून जाताना नाव वाचायलाही वेळ मिळत नाही, पण आल्बुकेर्क मलाक्क्याच्या मोहिमेवर असताना आदिलशाही फौजेने इथला कोट बळकावला होता. त्या फौजेचा सरदार रसूलखान आत होता आणि त्याच्याबरोबर पोर्तुगीजांना सोडून आलेले काही पोर्तुगीजही होते. 1512 च्या अखेरीस आल्बुकेर्कने वेढा घालून कोट घेतला. फितुरांना जीवदान देण्याचं वचन होतं आणि ते त्याने अक्षरशः पाळलं : जीव ठेवला, बाकीचं कापलं. त्यातल्या फेर्नांव लोपिशचे नाक, कान, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा गेला. पुढे मायदेशी परतताना तो सेंट हेलेना बेटावर उतरला आणि बरीच वर्षं तिथे एकटा राहिला. नेपोलियन तिथे पोचण्याच्या तीनशे वर्षं आधी. बाणस्तारीच्या पुलाखालून जाताना मला हटकून हा माणूस आठवतो.

नंतरच्या दशकांत पाण्यावरून देव जाऊ लागले. मंदिरं पाडली जात होती आणि पलीकडचा मुलूख अजून पोर्तुगीजांचा नव्हता, एवढं कारण पुरेसं होतं. जुवारीकाठच्या कुशस्थळीचा मंगेश 1560 मध्ये नदी ओलांडून प्रियोळला आला. चोडणचा देवकीकृष्ण आधी मये आणि मग माशेलला. आज अंत्रुजात चार पावलांवर एक मोठं देऊळ दिसतं आणि तिसवाडीत जुनं देऊळ शोधावं लागतं. त्याचं उत्तर या दोन नद्या आणि मधला कालवा यांच्यात आहे.

मराठी वाचकाला ओळखीची घटना यानंतरची. 1683 च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज विजरई (व्हाइसरॉय) कोंद द आल्व्हरने फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. संभाजीराजांनी ती मोडून काढली आणि विजरईला माघार घ्यायला लावली. मग 24 नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी कुंभारजुव्याशेजारचं जुवे बेट आणि त्यावरचा कोट घेतला. पोर्तुगीज त्याला सांतइस्तेव म्हणतात. राजधानीचं शहर, आजचं जुनं गोवं, तिथून हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी विजरई स्वतः फौज घेऊन बेटावर उतरला, जखमी झाला आणि कसाबसा परतला. त्याचा पाठलाग करताना राजांनी घोडा भरतीच्या पाण्यात घातला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, ही बखरीतली हकीकत. कोकणात मोगल शहजादा शहाआलम उतरत असल्याने मराठी फौजेला मागे फिरावं लागलं. तोवर विजरईने सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवून शहर त्या संताच्या हवाली केलं होतं.

याचा परिणाम एका रात्रीपुरता नव्हता. शहर इतक्या सहज धोक्यात येतं हे कळल्यावर आल्व्हरने राजधानी मुरगावला हलवण्याचा घाट घातला. तो तडीला गेला नाही. साथींनी पोखरलेल्या जुन्या गोव्यातून माणसं मात्र निघून जात राहिली आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

व्यापारासाठी या कालव्याचं महत्त्व आणखी वेगळं. मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा दांडा आहे. पावसाळ्यात तिथे लाटा फुटतात आणि बोटींना ती वाट बंद होते. जुवारीचं मुख, मुरगावची बाजू, त्या मानाने सुरक्षित. त्यामुळे जून ते सप्टेंबर मांडवीतला माल या मधल्या वाटेने जुवारीत जायचा. खाणींच्या काळात लोहखनिज वाहणाऱ्या बार्जांनीही (सपाट तळाच्या मालबोटींनी) तेच केलं. 2012 मध्ये खाणकाम थांबलं, मध्ये थोडं सुरू झालं आणि 2018 मध्ये पुन्हा बंद पडलं, तेव्हा बार्ज काठाला गंजत उभे राहिले. मगरींच्या लाँचला वाट मोकळी मिळाली त्यात त्या शांततेचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

आता मगरी. आदिलशहाने शहराच्या रक्षणासाठी त्या खंदकात सोडल्या अशी कथा नावाडी रंगवून सांगतात. ऐकायला छान, पण तिला दंतकथाच म्हणावं. इथली जात गोड्या पाण्यातली मगर आहे आणि ती या मचूळ, भरतीच्या पाण्यात टिकून आहे, हेच खरं नवल. काठच्या खाजन शेतीशी तिचं नातं जुनं आहे. खाजन म्हणजे बांध घालून आणि मानशीने, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराने, पाणी आत-बाहेर करून खाडीकडून मिळवलेली जमीन. बांध फुटला की मीठ शिरतं आणि शेत गेलं. दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला ‘मानगें थापणी’ होते : शेताकाठी चिखलाची मगर घडवायची, शिंपल्यांनी सजवायची आणि तिची पूजा करायची. मानगें म्हणजे मगर. तिच्याबद्दलची भीती आणि बांधाची काळजी या मूर्तीत एकत्र दिसतात.

कालव्याचं सर्वांत देखणं रूप पाहायचं तर गणपतीत जावं. सातव्या दिवशी कुंभारजुव्यात सांगोड निघतात. दोन होड्या एकत्र बांधून त्यावर देखावे उभारतात आणि विसर्जनाची मिरवणूक पाण्यावरून सरकते. मगरींची सहल तेव्हा कुणी विचारत नाही. त्यासाठी थंडीतली ओहोटी गाठावी लागते. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला आणि ऊन चढलं की त्या बाहेर येतात. म्हणून लाँचवाला आधी भरतीचं कोष्टक पाहतो आणि मग निघायची वेळ सांगतो.