वोखाचा ठराव आणि त्यानंतर: नागा शांतताबोलणीत चर्चचे काम

नागा बोलण्यांची बातमी आली की दिल्लीचे वार्ताकार, नागा बंडखोर नेते मुइवा, वेगळा झेंडा आणि वेगळी राज्यघटना यांचीच चर्चा होते. ज्या संस्थेने दोन्ही बाजूंना पहिल्यांदा समोरासमोर बसवले, त्या बाप्टिस्ट चर्चचे नाव मराठी वृत्तपत्रांत क्वचितच दिसते. साठ वर्षांची ही पार्श्वभूमी माहीत नसेल तर आजची कोंडी नीट समजत नाही.

नागा टेकड्यांत बाप्टिस्ट काम १८७२ मध्ये एडवर्ड विंटर क्लार्क या अमेरिकी मिशनऱ्यापासून सुरू झाले. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परदेशी मिशनरी निघून गेले होते आणि चर्च पूर्णपणे नागा पाळकांच्या, म्हणजे स्थानिक धर्मगुरूंच्या, हाती आले होते. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण नेमक्या याच काळात संघर्ष पेटला. नागा नेते फिझो यांच्या नागा नॅशनल कौन्सिलने १९५१ मध्ये भारतापासून स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत घेतले आणि १९५६ मध्ये बंडखोरांचे भूमिगत ‘फेडरल सरकार’ स्थापन झाले. लष्कर उतरले, १९५८ मध्ये लष्कराला जादा अधिकार देणारा विशेषाधिकार कायदा आला. १ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड राज्य झाले, पण जंगलातली लढाई थांबली नाही. एका घरातला एक मुलगा भूमिगतांबरोबर आणि दुसरा सरकारी नोकरीत, अशी तेव्हाची स्थिती होती. दोन्ही मुलांच्या आईशी बोलू शकणारा माणूस गावात एकच होता, तो म्हणजे पाळक.

राज्य होऊन दोन महिने झाले, तेव्हा नागालँडमधल्या वोखा येथे बाप्टिस्टांचे अधिवेशन भरले. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी १९६४ असे तीन दिवस ते चालले. तिथल्या ठरावाने दोन्ही बाजूंत मध्यस्थी करणाऱ्या शांतता मंडळाच्या कल्पनेचे स्वागत केले आणि त्यासाठी चार नावे पुढे आली: जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चलिहा, इंग्लंडचे अँग्लिकन धर्मगुरू मायकेल स्कॉट आणि आपले शंकरराव देव. संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष राहिलेले देव त्या वेळी सर्वोदयाच्या कामात होते. ते प्रत्यक्षात मंडळात आले नाहीत, बाकी तिघे आले. ही निवडच बोलकी आहे. बाप्टिस्ट अधिवेशनाने आपल्याच पंथाची माणसे मागितली नाहीत. ज्यांच्यावर दिल्लीचा विश्वास आहे, ज्यांच्यावर भूमिगतांचा आहे आणि ज्यांना आसामचे राजकारण कळते, अशी माणसे मागितली. स्कॉट यांनी दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्ध काम केले होते आणि फिझोंना १९६० मध्ये लंडनला पोहोचायला मदत केली होती. दिल्लीला ते खुपत होते, तरी केंद्राने मान्यता दिली.

२३ मे १९६४ रोजी साक्राबा गावात शस्त्रसंधीच्या अटी ठरल्या. त्या अटी मुळातून वाचाव्यात अशा आहेत. लष्कराने जंगलातली मोहीम, छावण्यांवरचे छापे, गावांची झडती, हवाई कारवाई आणि वेठबिगार थांबवायची. आपल्या चौकीपासून हजार यार्डांपलीकडे गस्त घालायची नाही. भूमिगतांनी दबा धरून हल्ले, दंडवसुली, अपहरण आणि नवी भरती बंद करायची. गावात किंवा चौकीच्या हजार यार्डांत गणवेशात वा शस्त्र घेऊन फिरायचे नाही. या कलमांत मोठे तत्त्वज्ञान नाही. गावकऱ्याला रोज ज्याची भीती वाटायची, त्याचीच ही यादी आहे, आणि म्हणून मला ती फार मोलाची वाटते. ६ सप्टेंबरला शस्त्रसंधी लागू झाली. तो रविवार होता आणि गावोगावच्या चर्चमध्ये आभाराच्या प्रार्थना झाल्या. त्याच महिन्यात कोहिमाजवळच्या चेडेमा गावात बोलणी सुरू झाली. नागालँडचा कारभार तेव्हा परराष्ट्र खात्याकडे होता, त्यामुळे सरकारतर्फे परराष्ट्र सचिव वाय. डी. गुंडेविया बसले.

डिसेंबर १९६४ मध्ये शांतता मंडळाने मधली वाट सुचवली. स्वनिर्णयाची नागांची भावना सरकारने समजून घ्यावी आणि नागांनी आपल्या इच्छेने भारतीय संघराज्यात सहभागी व्हावे, असा तिचा गाभा होता. दोन्ही बाजूंनी आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलला. फेब्रुवारी १९६६ मध्ये जयप्रकाश बाहेर पडले. एप्रिलमध्ये आसामात आगगाड्यांत स्फोट होऊन माणसे मेली, चलिहांनीही अंग काढून घेतले आणि मे महिन्यात स्कॉट यांना देशाबाहेर पाठवण्यात आले. इंदिरा गांधींबरोबरच्या सहा फेऱ्याही निष्फळ ठरल्या. शस्त्रसंधी मात्र १९७२ पर्यंत रखडत का होईना टिकली. मंडळ मोडल्यावरही ती टिकली, याचे मोठे श्रेय खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या पाळकांना आणि एम. आराम यांच्यासारख्या गांधीवादी निरीक्षकांना द्यायला हवे.

पुढचा टप्पा अवघड आहे. रेव्हरंड लोंगरी आओ यांच्यासह चर्चच्या पुढाकारातल्या नागालँड शांतता परिषदेच्या माणसांनी मध्यस्थी केली आणि ११ नोव्हेंबर १९७५ रोजी शिलाँग करार झाला. आणीबाणीचे दिवस होते. भूमिगतांच्या प्रतिनिधींनी भारताची राज्यघटना मान्य केली, शस्त्रे जमा करायचे ठरले. मुइवा, इसाक स्वू आणि खापलांग यांनी हा करार धुडकावला आणि १९८० मध्ये नॅशनल सोशलिस्ट कौन्सिल उभी केली. १९८८ मध्ये तिचीही मुइवा-स्वू गट आणि खापलांग गट अशी दोन शकले झाली. त्यानंतर नागांनीच नागांना मारले. दोन बाजूंना भेटवणे आणि करारातल्या मजकुराशी आपले नाव जोडले जाणे यांत फार अंतर आहे. ते अंतर तेव्हा पुरेसे राखले गेले नाही, आणि मध्यस्थांना विश्वासघातकी म्हणवून घ्यावे लागले.

शेजारच्या मिझोराममध्ये चर्चना अधिक यश आले. १९६६ च्या उठावापासून प्रेसबिटेरियन आणि बाप्टिस्ट धर्मगुरू दोन्हीकडे जात राहिले. ३० जून १९८६ रोजी मिझो बंडखोरांचे नेते लालडेंगा यांच्याशी करार झाला. सरकारतर्फे सही करणारे केंद्रीय गृहसचिव राम प्रधान हे महाराष्ट्र केडरचे अधिकारी, एके काळी यशवंतराव चव्हाणांचे खासगी सचिव. तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. मिझो बंडखोरांची संघटना एक आणि नेता एक, शिवाय तडजोडीसाठी मुख्यमंत्री लाल थनहावला यांनी पद सोडले. नागांच्या बाबतीत यातले काहीच नव्हते.

म्हणून नागा चर्चने नंतर आपसांतल्या समेटाकडे मोर्चा वळवला. १९९७ मध्ये मुइवा गटाशी केंद्राची शस्त्रसंधी झाली, पण गटागटांतले खून चालूच होते. २००८ मध्ये धर्मशास्त्राचे अध्यापक रेव्हरंड वाती आयेर यांच्या पुढाकाराने ‘फोरम फॉर नागा रिकन्सिलिएशन’ उभा राहिला. अमेरिकी बाप्टिस्ट आणि क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे ब्रिटिश अनुयायी यांच्या मदतीने थायलंडमधल्या चिआंग माई येथे वैरी गटांच्या बैठका झाल्या. जून २००९ मध्ये प्रमुख गटांच्या नेत्यांनी समेटाच्या करारनाम्यावर सह्या केल्या. केंद्राने २०१५ मध्ये मुइवा गटाशी आराखडा करार केला आणि २०१७ मध्ये इतर गटांच्या समितीशी वेगळा. हे दोन कागद एकमेकांशी कसे जुळवायचे, या प्रश्नावर फोरमने दोन्ही नागा बाजूंना पुन्हा बसवले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये एकत्र काम करण्याचे संयुक्त निवेदन घडवून आणले. केंद्राशी अंतिम करार अजून झालेला नाही.